सांडूच्या होडीचा फोम

...नाय, तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं? परवा कंपनीत ताट घेऊन बसलो, तर पलीकडच्या टेबलावरनं एक जण विचारतो, "बद्रीभाऊ, बोट कोणत्या बंदराला लागली?" अन् सगळं कँटीन खिदळलं. ह्या कोरड्या बजाजनगरात बंदर! हसा बाबांनो, हसा. तुम्हाला सांगतो, मला काय बोट चालवायची नव्हती, मासे धरायचे नव्हते, मला तर पोहताबी येत नाय, गुडघ्याच्या वर पाणी गेलं की मी मारुतीचा धावा सुरू करतो. मला फोम बदलायचा होता हो... नुसता फोम!

आता फोम कशाचा ते सांगायला पाहिजे, नायतर तुम्ही म्हणाल गादीचा. तर त्याचं असं झालं की मला एक मेव्हणा आहे, सांडू. आमच्या सरूबाईचा, म्हणजे मंडळींचा, एकुलता एक धाकटा भाऊ. त्याचं गाव धरणाच्या बॅकवॉटरला. निम्मी शेती धरणात गेली, निम्मी राहिली. आता चार लोकांनी काय केलं असतं? राहिलेल्या निम्म्यात कापूस लावला असता. ह्या पठ्ठ्यानं बुडालेल्या निम्म्यात मासे धरायला सुरुवात केली! म्हणतो कसा, "दाजी, वावर आपलंच हाय, फकस्त वर पानी आलंय." बरं, धर बाबा मासे. पण कशावर बसून? तर थर्माकोलवर. टीव्हीच्या खोक्यात येतं ना, तेच, जरा जाड. चार-सहा तुकडे दोरीनं बांधायचे, वर एक पोतं टाकायचं, त्याच्यावर मांडी घालून बसायचं अन् दोन्ही हातांनी पाणी मागं सारत निघायचं, त्या एवढ्या थोरल्या पाण्यात, जिथं पलीकडचा काठ दिसत नाय! शिमग्याच्या सुमाराला वारं सुटलं अन् थर्माकोलचे झाले दोन भाग, मधी सांडू. एक तुकडा छातीशी धरून गेला वाहत, लागला कुठल्या कुठं परगावच्या काठाला. तिथनं एसटीनं घरी आला, काखेत थर्माकोल, अन् कंडक्टर म्हणतो ह्याचं लगेज लागेल.

मला हसू आलं. मी हसलो. तिथंच फसलो बघा! कारण सरूबाई नव्हती हसत. ती भाकरी थापत होती, ती थांबली, हात परातीतच ठेवला अन् एवढंच बोलली, "माझा भाऊ त्या थर्माकोलवरनं उतरत नाय, तवर ह्या घरात मासा शिजायचा नाय." अन् पुन्हा थापायला लागली. आता तिचं बोलणं म्हणजे बोलणं. त्या दिवसापासनं वांगं, बटाटा, पिठलं. पिठलं, बटाटा, वांगं. पण खरं सांगू का, माशाचं सोडा, रात्री वारं सुटलं की ती उठून बसायची. नुसती बसायची. ते काय मला बघवत नव्हतं.

अन् मी मेंटेनन्सचा माणूस. मेंटेनन्सच्या माणसाचा एक रोग असतो, मोडकी वस्तू दिसली की त्याला वाटतं ही आपल्याचसाठी मोडली. पडेगावच्या पुढं एक भंगारवाले चाचा आहेत, त्यांच्याकडं एक लहानशी फायबरची होडी पडली होती, कुठल्या तरी तळ्यावरची, मासेमारीचीच. चाचा होडीवर थापा मारत सांगायला लागले, "अरे मियाँ, फायबर की है, इसकू कुछ नइ होता. तुमारे पोतरे भी इसमेंच मच्छी पकडेंगे." मी म्हटलं, "फिर बेच कायकू रहे?" तर म्हणाले, "इत्ते सवाल नक्को करो, ले जाव." घेतली. पोतरे राहू द्या, मला अजून सून नाय, पण घेतली.

मनात हिशोब एकदम सोपा होता. होडीची मधली फळी कापायची, म्हणजे सांडूला जाळं ठेवायला जागा होते. एक रविवार. दुसऱ्या रविवारी होडी पाण्यात, सांडू होडीत अन् मासा माझ्या ताटात! पण टेम्पोतनं होडी उतरवायला गेलो तर ती हलेना. फायबरची होडी हलकी असते म्हणतात. हिला उतरवायला गल्ली बोलवावी लागली, अन् गल्ली आली ती आजतागायत परत गेलेली नाय.

शेजारचे व्यंकटराव आले. मोठ्या हापिसातनं निवृत्त झालेले, वाचलेला माणूस, अन् वाचलेलं कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाय. चष्मा पुसत म्हणाले, "बद्रीनाथ, नौकेच्या पोटात दोन बंद कप्पे असतात, पुढे एक, मागे एक. त्यांत तरंगणारा फोम भरलेला असतो, म्हणजे नौकेत पाणी शिरलं तरी ती तळाला जात नाही. आपण जरा उघडून पाहावं." आपण म्हणजे मी. उघडलं. आईशपथ सांगतो, आत फोम नव्हता, चिखलात भिजवलेली भाकर होती! कुठंतरी बारीक चीर पडलेली, तिथनं वर्षानुवर्षं पाणी झिरपत होतं अन् फोम ते पीत होता. होडी बुडू नये म्हणून ज्याला आत ठेवला, तोच पाणी पिऊन पिऊन होडीला खाली ओढायला बसलेला. अशी माणसं आमच्याबी डिपार्टमेंटला आहेत. जाऊ द्या.

सरूबाईचं खुरपं घेतलं अन् खरवडायला बसलो. वास काय विचारता! गल्लीतल्या खिडक्या एकेक करून बंद. पण काढला सगळा, मधली फळी कापली, कप्पे घासले, चीर बुजवली, उन्हाला ठेवले. चैतातलं ऊन, दोन्ही कप्पे कोरडे ठणठणीत, आतनं चकचकीत. आता काय राहिलं? फोम! नुसता फोम भरायचा!

तेवढ्यात समोरचे काकासाहेब आले. हे मोटरसायकलच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीत. शर्टाची बाही वर करून म्हणाले, "बद्रीभाऊ, फोम म्हणजे आपला विषय. आख्ख्या हिंदुस्थानाचं बूड ज्याच्यावर टेकलंय तो फोम आम्ही बनवतो." आता ह्याच्यापुढं काय बोलणार? तुम्ही बोलला असता? त्यांनी गाडीभर सीटांचा फोम आणला, आम्ही दोघांनी तो कापला, कोंबला, दाबला, वर झाकण ठेवलं. मी तर सांडूला फोनच करणार होतो. पण व्यंकटराव म्हणाले, "एक तुकडा आधी पाण्यात टाकून पाहावा. प्रयोगाशिवाय विश्वास ठेवू नये."

सरूबाई आत होती, मी न विचारता बादली घेतली. ही दुसरी चूक. भरलेली बादली! अहो आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं आठवड्यातनं कधीतरी, अन् ते बी सांगून येत नाय, दिलेली मुलगी जशी वाट बघायला लावून येते तसं. त्या बादलीत तुकडा टाकला अन् आम्ही चहा प्यायला गेलो. येऊन बघतो तर बादली निम्मी रिकामी अन् फोम टम्म फुगून बसलेला. काकासाहेब गडबडले, म्हणाले, "गाडीवर तर असा पीत नाय." मी म्हटलं, "पावसात गाडी भिजली की दिवसभर तुमची पँट कशानं ओली ऱ्हाते, काकासाहेब?" एवढी वर्षं फोम बनवतात, एवढी वर्षं पँट ओली, पण दोन गोष्टींचा संबंध त्यांना माझ्या ओट्यावर लागला!

अन् सरूबाई बाहेर आली. तो फोम उचलला, परातीवर धरला अन् असा पिळला, असा पिळला... माझीच मान आहे असं समजून पिळला. थेंबन् थेंब काढला अन् ते पाणी भांडी घासायला नेलं. आख्खा फोम बाहेर काढावा लागला. त्याच्या काकासाहेबांनी घरी गाद्या केल्या. म्हणजे फोम बदलला तो काकासाहेबांच्या गाद्यांचा, होडीचा नाय!

आता खरी गंमत ऐका. मी पहिल्या शिफ्टला. होडी दारात, दोन्ही कप्पे रिकामे, झाकणं उघडी. दुपारी घामाघूम होऊन घरी येतो, तर गल्लीत आनंदीआनंद. बायका हसतायत, पोरांना अंघोळी घातलेल्या. नळाला पाणी आलं होतं. अन् माझी होडी... होडीचे दोन्ही कप्पे काठोकाठ भरलेले! वर सरूबाईचं धुतलेलं लुगडं ताणून बांधलेलं, आत तुरटी फिरवलेली, कडेला तांब्या. मी म्हटलं, "हे काय?" ती म्हणाली, "पाणी." मी म्हटलं, "ते दिसतंय, पण होडीत?" तर माझ्याकडं अशी बघायला लागली की जसं मीच येडा. म्हणाली, "नळ आला. सगळी भांडी भरली. एवढं चांगलं रिकामं होतं, ते तसंच ठेवायचं?"

इथल्या बाईला रिकामं भांडं दिसलं अन् नळ चालू असला, तर ती थांबूच शकत नाय! आमच्याकडं पिंप भरतात, कूलर भरतात, एकीनं वॉशिंग मशीन भरून ठेवलंय, घेतल्यापासनं त्यात कपडा गेला नाय. तिथं होडी कुणाला सुटते?

मी म्हटलं, बरं, आता ओतून टाका, मला फोम भरायचाय. बोललो मात्र, सगळ्या गल्लीनं वळून बघितलं. द्वारकाबाई, म्हणजे काकासाहेबांच्या मंडळी, त्यांनी तर पदर तोंडाला लावला. मी पाणी ओता म्हटलं होतं, पण ऐकणाऱ्याला वाटलं असतं मी म्हातारीला घराबाहेर काढा म्हणालो. व्यंकटराव गंभीर होऊन म्हणाले, "बद्रीनाथ, एप्रिल महिना आहे. पाणी फेकू नये. वापरून संपवावं." अन् त्या दिवसापासनं मागचा कप्पा ते स्वतःच वापरून संपवायला लागले. पाइप लावून.

संपलं का? कसं संपणार? थोडंसं तळाला राहिलं की नळ यायचा! मी शिफ्टला गेलो की भरलंच. फोम भरायला कप्पा कोरडा पाहिजे, कोरडा व्हायला रिकामा पाहिजे, अन् रिकामा दिसला की भरलाच पाहिजे. होडी पाण्यात घालायची राहिली बाजूला, आख्खी गल्ली होडीवर पाणी भरायला लागली. कुणीतरी होडीच्या टोकाला हळदीकुंकूबी वाहिलं. मी त्या होडीसमोर उभा राहून सगळ्यांना हात जोडले, बाबांनो, मला फोम बदलायचाय, नुसता फोम!

अन् तिकडनं सांडूचा फोन. "दाजी, व्हडी कवा आणता? वारं सुटायलंय. काल फकिरा पालथा झाला, मी वडून काढला." हा फकिरा त्याचा जोडीदार, दुसऱ्या थर्माकोलवरचा. मी फोन सरूबाईच्या कानाला लावला. तिनं ऐकलं. फोन ठेवला अन् कप्प्याकडं बघत म्हणाली, "एवढं पाणी संपू द्या, मग बघू."

मला आला राग. मी म्हटलं, "सरूबाई, भाऊ तुझा हाय का माझा? त्याला बुडू द्यायचं अन् आपण भरून ठेवायचं, असं हाय व्हय?" बोललो अन् जीभ चावली. ती खाली बसली ओट्यावर. डोळ्यांना पदर. मग उठली, कमरेला पदर खोचला अन् गल्लीत आवाज दिला, "या गं, काय असंल ते घेऊन या." अन् तुम्हाला सांगतो, घराघरातनं जे निघालं! पातेली, कुकर, दुधाचे कॅन, थर्मास, देवघरातला गंगाजळाचा गडू, व्यंकटरावांच्या कालिंदीवहिनींनी तर फुलदाणी आणली. एक थेंब खाली सांडला नाय. शेवटचा ओलावा सरूबाईनं फडक्यानं टिपला अन् ते फडकं तुळशीवर पिळलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भरा तुमचा फोम. अन् झाकण असं बसवा की मलाबी उघडता येऊ नये."

मी भरला हो! ह्या वेळी कुणाचं ऐकलं नाय. कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत घालतात ना, तो कडक पिवळा फोम आणला, जाड जाड पाट्या, वजनाला काहीच नाय अन् पाणी टाकलं तर वरनं घरंगळून जातं. करवतीच्या पात्यानं कप्प्याच्या मापाला कापल्या, एकेक पाटी प्लास्टिकमधी गुंडाळली, टेपानं बांधली, एकाला एक चिकटून बसवल्या, मधी बोटभर फट नाय. वर झाकण, त्याला रबर, अन् चारी बाजूनं बोल्ट. चिकटवून टाका म्हणत होते काकासाहेब, मी म्हटलं नाय, मेंटेनन्सचा माणूस आहे मी, पुढं कधी फोम बदलायचा झाला तर पान्यानं उघडलं पाहिजे. सांडूला पाना बी दिला बरोबर, होडीतच बांधून. अक्कल बघा माझी!

गेलो गावाला. नारळ फोडला, होडी पाण्यात लोटली. तरंगली! अहो अशी तरंगली, मी वर चढलो, सांडू चढला, फकिरा चढला, काठ पाण्याच्या वीतभर वर. सांडूनं मुद्दाम हेलकावे दिले, मी मारुतीचं नाव घेतलं, पण होडी जाग्यावर. काठावर सरूबाई उभी होती, ती रडली. सांडूची बायको आवडाबाई, तिनं आमच्या दोघांच्या पाया पडून घेतलं. त्या दिवशी मासा शिजला. सरूबाईनं स्वतःच्या हातानं वाढला, वरनं पुन्हा घ्या म्हणाली. रात्री वारं सुटलं तर ती उठली नाय, घोरत होती. मला वाटलं, बद्रीनाथ, नोकरीत एवढी वर्षं नटबोल्ट आवळले, पण आज खरं काहीतरी आवळलंस.

महिना गेला. पाऊस नाय, नुसतं वारं. कंपनीला सुट्टी होती, म्हटलं होडी बघून येऊ. एकटाच गेलो. सांडूच्या अंगणात पोचतो तर काय बघतो... होडी. अंगणात! खाली चार दगड, वर जुनी साडी ताणलेली, कडेला तांब्या. झाकणं उघडी. आवडाबाई त्यातनं घागर भरतीय.

मी म्हटलं, "आवडाबाई, समोर धरण हाय. डोळ्याला मावत नाय एवढं पाणी हाय. अन् तुम्ही होडीत पाणी भरता?" ती हसली. म्हणाली, "दाजी, ते पाणी गाळाचं, त्याच्यात म्हशी. पिण्याचं आमच्यात टँकरनं येतं." मी म्हटलं, मग एवढं धरणाचं चांगलं पाणी जातं कुठं? तर ती म्हणाली, "तुमच्याकडंच की."

मान खाली घालून तांब्याभर प्यायलो. थंडगार होतं, खोटं काहून बोलू. म्हटलं सांडू कुठंय, तर तिनं पाण्याकडं बोट दाखवलं. गेलो काठाला. पाणी रोज मागं सरकत चाललेलं, मधी हा एवढा चिखल, अन् तिकडं लांब, वाऱ्यात, पाण्यावर सांडू. मांडी घालून बसलेला. जाळं ओढत होता. कशावर बसलाय म्हणून डोळे बारीक करून बघितलं, तर पिवळ्या पाट्या. प्लास्टिकमधी गुंडाळलेल्या. टेप मारलेल्या. मापाला कापलेल्या!

काठाला आला, पाट्या खांद्याला मारल्या अन् चिखल तुडवत माझ्याकडं येत म्हणाला, "दाजी, राग नगा मानू. व्हडी एकट्याला वडत नाय ह्या चिखलातनं. पण तुमचा फोम! लई झकास! आख्ख्या बॅकवॉटरला असा फोम कुनाकडं नाय. फकिरा मागायलाय, त्यालाबी दिला निम्मा. बोल्ट टाकले व्हते म्हणून बरं झालं, पान्यानं पटकन निघाला."

घरी आलो. सरूबाई दारातच उभी. माझ्या हातात सांडूनं दिलेली माशाची पिशवी, तिची नजर माझ्या तोंडाकडं. म्हणाली, "खरं सांगा. माझा भाऊ थर्माकोलवरनं उतरला का?"

म्हटलं, उतरला.